उदाहरणार्थ, गजभिये

अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाने मराठी लेखनाचे नियम केले, महाराष्ट्र शासनाने ते १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडून ते अठरा झाले, आणि या सगळ्या घडामोडीत एका आडनावाला कायमची नोकरी लागली. ए-कारान्त नामाचे सामान्यरूप या-कारान्त करावे असा एक नियम आहे आणि त्यापुढे उदाहरणे आहेत : करणे – करण्यासाठी, फडके – फडक्यांना. हे फडके कोण, कुठले, त्यांना काय दिले, कशासाठी बोलावले, याचा नियमात उल्लेख नाही. ते नुसते विभक्तीत उभे आहेत. त्यांची बदली होत नाही, त्यांना निवृत्ती नाही, आणि महाराष्ट्रात शिक्षक होऊ पाहणारा, स्पर्धा परीक्षेला बसणारा किंवा मुद्रितशोधनाला लागणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी फडक्यांना भेटून पुढे जातो. एवढ्या मोठ्या भाषेत एवढा मोठा मान एकाच घराण्याला मिळाला, तर बाकीच्यांनी निदान विचारपूस करायला हवी.

फडक्यांशी माझे भांडण नाही. त्यांनी काम चोख केले आहे. माझे म्हणणे असे, की उदाहरणात बसवलेले आडनाव शोभेचे नसते, ते नियमाची परीक्षा घेत असते. आणि आपण ही परीक्षा आजवर हुशार, घरच्या, आधीच पास होणार हे ठाऊक असलेल्या आडनावांकडून घेत आलो. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे, पण शीत त्याच भांड्यातले असावे लागते. भंडारा हा धानाचा जिल्हा आहे. तिथल्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. तिथल्या माणसाला दुसऱ्याच्या चुलीवरचे एक शीत दाबून दाखवावे आणि ‘तुमचा भात शिजला’ असे सांगावे. तो झाकण उघडून बघितल्याशिवाय राहणार नाही. मराठी व्याकरणाच्या बाबतीत भंडाऱ्याने झाकण उघडले तर काय दिसते, ते पाहण्यासारखे आहे.

उदाहरणातला माणूस ही संस्था तशी फार जुनी. संस्कृत वैयाकरणांनी आणि तत्त्वज्ञांनी या कामावर देवदत्ताला नेमले होते. तो शतकानुशतके भात शिजवतो, गावाला जातो, हातात काठी घेऊन उभा राहतो. मीमांसकांनी तर त्याच्या खाण्यावर पाळत ठेवली : धष्टपुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे. ज्ञानाचे एक स्वतंत्र साधन या बिचाऱ्याच्या चोरट्या रात्रभोजनावर उभे आहे, आणि त्याच्या बाजूने आजवर एकही वकील उभा राहिलेला नाही. इंग्रजी न्यायालयांनी जॉन डो ठेवला. चिनी लोकांनी झांग सान आणि ली सी ही जोडी ठेवली, म्हणजे झांगांकडचा तिसरा आणि लींकडचा चौथा. दोन्ही आडनावे तिकडे घरोघरची. जर्मनीच्या ओळखपत्राच्या नमुन्यावर एरिका मुस्टरमान नावाची बाई असते, आणि मुस्टर म्हणजे नमुना. ही बाई पूर्व विदर्भात जन्मली असती तर नमुनेवार झाली असती आणि तिला कोणी बनावट म्हटले नसते. मराठीने मात्र या जागेवर राम ठेवला. कर्तरी प्रयोगात तो आंबा खातो, कर्मणीत त्याने आंबा खाल्लेला असतो, आणि भावे प्रयोगात, पोट भरल्यावर, तो रावणास मारतो.

राम असताना आडनावाची गरजच काय, असे कोणी म्हणेल. गरज आहे, कारण मराठीतला मोठा माणूस नावाने वावरत नाही. शाळेच्या हजेरीपासून तहसीलच्या समन्सपर्यंत, बँकेच्या रांगेपासून लग्नपत्रिकेच्या तळटीपेपर्यंत तो आडनावाने ओळखला जातो. ‘राम आला’ हे वाक्य घरात चालते. कचेरीत ‘जोशी आले’ म्हणावे लागते. म्हणजे आडनाव चालवणे हे मराठी व्याकरणाचे रोजचे काम आहे, आणि ज्या व्याकरणाला रावण मारता येतो पण कचेरीतल्या कारकुनाला बोलावता येत नाही, ते सणासुदीचे व्याकरण झाले.

आता भंडाऱ्याचा एक प्रसंग घेऊ. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन सदस्यांचा होता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांनी जिंकली. यातून एक वाक्य तयार होते : बोरकरांनी आंबेडकरांना हरवले. कर्ता तृतीयेत, कर्माला विभक्तिप्रत्यय, क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी. भावे प्रयोगाचा इतका निर्दोष नमुना शोधून सापडणार नाही. राम-रावणाला एक दिवस सुट्टी देऊन हे वाक्य वर्गात लिहिले तर व्याकरणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते वेगळेच. वर्ग प्रयोग विसरतो आणि विचारतो, बाबासाहेब हरले? कोणाकडून? कुठे? म्हणजे दोन्ही आडनावांचा शेवट तोच, दोन्ही एकाच पद्धतीने चालतात, आणि तरी एकामागे सगळा देश उभा राहतो, तर दुसऱ्याची ओळख करून द्यावी लागते. पुढच्याच वर्षी त्या जागेवर पुन्हा पोटनिवडणूक झाली आणि अनसूयाबाई बोरकर निवडून आल्या. आडनाव तेच राहिले, क्रियापद तेवढे बदलले.

उदाहरणातले आडनाव तटस्थ असते, ही समजूत इथे पहिल्यांदा कोसळते. बोरकर हेच आडनाव पुण्या-मुंबईच्या वाचकासमोर ठेवा. त्याला गोव्यातल्या बोरीची आणि कवी बा. भ. बोरकरांची आठवण होईल. भंडाऱ्यातल्या साकोलीच्या वाचकासमोर ठेवा. त्याला तिकडच्या झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर आठवतील, नाहीतर शेजारच्या गावातले दहा बोरकर आठवतील, आणि त्या दहांचा गोव्याशी संबंध गूळ-काजूइतकाही नसेल. तीच चार अक्षरे, पण एका ठिकाणी समुद्र आणि दुसऱ्या ठिकाणी वैनगंगा. मग जोशी, कुलकर्णी, देशपांडे, गोखले, फडके ही आडनावे उदाहरणांत तटस्थ वाटतात ती कोणाला? ज्याच्या आजूबाजूला ती आडनावे होती त्याला. लाखांदूरच्या विद्यार्थ्याला ‘फडक्यांना’ हा शब्द पहिल्यांदा वाचताना ओटा पुसण्याचे फडके आठवले, तर त्याला हसण्यात अर्थ नाही; त्याच्या गावात फडके आडनावाचे घर असेलच असे नाही, पण फडके मात्र घरोघर आहे.

तरीही हा मान-अपमानाचा मामला म्हणून सोडून देता आला असता. पण नियम प्रत्यक्ष लावून पाहिला की खरी गंमत सुरू होते, आणि त्यासाठी भंडारा जिल्ह्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. कारण या जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनावर ए-काराचे राज्य आहे. नाना पटोल्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकीचा राजीनामा दिल्यावर २०१८ साली भंडारा-गोंदियात पोटनिवडणूक झाली. तीत मधुकर कुकडे जिंकले, हेमंत पटले हरले. २०१९ साली सुनील मेंढे जिंकले, नाना पंचबुधे हरले. २०२४ साली प्रशांत पडोळे जिंकले, सुनील मेंढे हरले. पटोले, कुकडे, पटले, मेंढे, पंचबुधे, पडोळे. तीन निवडणुकांत पक्ष बदलले, निकाल बदलले, शेवटचा स्वर बदलला नाही. वार्ताहराने नियम पाळायचा ठरवला, तर २०२४ च्या निकालाचा मथळा असा होतो : पडोळ्यांनी मेंढ्यांना हरवले. यातल्या दोन्ही सन्माननीय उमेदवारांचा काही दोष नाही. मतदारांचाही नाही. पण शुद्धलेखनाचा नियम काटेकोर पाळताच लोकसभेची लढत एकाएकी कुरणात जाते, आणि ‘मेंढ्यांना’ हे रूप मेंढा आणि मेंढी या दोघांचेही असल्यामुळे मैदानात कोण होते हेही नक्की सांगता येत नाही. वार्ताहर हा धोका ओळखतो आणि ‘मेंढेंना’ लिहून मोकळा होतो. नियमाच्या दृष्टीने तो चुकला. माझ्या मते त्या पानावर शुद्धीवर असलेला तो एकटाच माणूस आहे.

हे असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. मराठीत पुल्लिंगी आ-कारान्त नामाचे अनेकवचन ए-कारान्त होते आणि त्याचे सामान्यरूप या-कारान्त : घोडा, घोडे, घोड्यांना. ए-कारान्त आडनावे बहुतांशी याच घराण्यातली, म्हणजे ती आदरार्थी अनेकवचने आहेत. फडके आले, त्यांना पाणी दिले. एकच गृहस्थ आला तरी व्याकरण त्याच्यासाठी अनेकवचनाची पाटरांगोळी मांडते. म्हणून ‘फडक्यांना’ हे रूप भाषेच्या रीतीला धरून आहे, कोणाच्या लहरीने आलेले नाही. अडचण अशी, की या रीतीत आडनाव पुन्हा सामान्यनाम होण्याचा धोका कायम असतो. शेंडे हे भंडाऱ्याकडे पावलोपावली भेटणारे आडनाव. ‘शेंड्यांना’ म्हटले की झाडाचे शेंडे हलू लागतात. शहारे यांच्याबद्दल ‘शहाऱ्यांनी’ असे लिहिले की वाचकाच्या अंगावर काटा येतो. मते आडनावाचा उमेदवार उभा राहिला तर ‘मत्यांना मते मिळाली’ असे लिहावे लागते आणि मुद्रितशोधक मध्यरात्री दूरध्वनी करतो. शेजारच्या चंद्रपुरातून शांताराम पोटदुखे अनेकदा लोकसभेवर गेले आणि केंद्रात अर्थ खात्यात मंत्री झाले. ‘पोटदुख्यांनी’ अर्थकारणाविषयी काही सांगितले असे नियमानुसार लिहिले असते, तर वाचकाला ते खात्यापेक्षा आरोग्याविषयी वाटले असते.

इथवर नियम हास्यास्पद होतो, पण चालतो. पुढच्या पायरीवर तो चालायचाच थांबतो. गजभिये हे भंडारा-नागपूर पट्ट्यातले ठसठशीत आडनाव. ते ए-कारान्त आहे, तेव्हा नियमाप्रमाणे त्याचे सामान्यरूप या-कारान्त करा. शेवटच्या ‘ये’तला ए काढला की य उरतो, त्याला ‘या’ जोडायचा तर ‘गजभिय्यांना’ होते. हे रूप गजभियांपैकी कोणी आपले म्हणून ओळखेल असे वाटत नाही. मग य एकदाच ठेवून ‘गजभियांना’ करा. मघाच्या वाक्यात मी तेच केले आणि मूळ आडनाव गजभिये की गजभिया, हे वाचकाने आधीच वाचले होते म्हणून निभावले. वाघाये हे साकोली भागातले असेच आडनाव : वाघाय्यांना, वाघायांना, की सरळ वाघायेंना? यावर नियम गप्प आहे. तो गप्प आहे कारण त्याला हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. उदाहरणाच्या जागेवर फडके बसले होते आणि त्यांना शेवटी य नव्हता. नियम लिहिताना समोर फडक्यांऐवजी गजभिये असते, तर नियमाला एक पोटनियम जोडावा लागला असता. उदाहरण बदलल्याने नियम बदलतो, याला यापेक्षा थेट पुरावा काय द्यायचा?

आणखी एक गाठ आहे. ए-कारान्त आडनाव म्हणजे मराठी आ-कारान्त नामाचे आदरार्थी रूप, हे गृहीत धरून नियम उभा आहे. पण भंडाऱ्यात मराठीच्या जोडीला गोंडी आहे, पोवारी आहे, आणि आडनावे त्या घरांतूनही आलेली आहेत. उईके हे गोंड आडनाव. त्याच्यामागे मराठीतला कोणी ‘उईका’ उभा नाही, ज्याचे अनेकवचन होऊन उईके झाले. मग ‘उईक्यांना’ करताना आपण मराठीची रीत पाळतो, की दुसऱ्याच्या नावाला आपल्या मापाची टोपी घालतो? पटले, कटरे यांच्याबद्दल तोच प्रश्न. नियम म्हणतो, शेवटचा स्वर बघा. आडनाव म्हणते, मी आलो कुठून तेही बघा. आणि शाळेतल्या मुलीचे काय? गुरुजींनी वर्गात ‘पटले, उभी राहा’ म्हटले, मुलगी उभी राहिली. आता शेजारणीला सांगायचे आहे, की वही हिच्याकडे दे. ‘पटलेला दे’ म्हटले तर नियम मोडतो. ‘पटल्याला दे’ म्हटले तर नियम राहतो, पण मुलीचा मुलगा होतो. ‘फडक्यांना’ या उदाहरणात वयाने मोठा, आदरणीय आणि बहुधा पुरुष असलेला एकच नमुना तपासला गेला. वर्गातल्या मुलीची पाळी आलीच नाही.

ई-कारान्तांची कथा याहून मोलाची आहे, कारण तिथे लोकांनी नियमापेक्षा बारीक काम केले आहे. माळी – माळ्यांना, तेली – तेल्यांना या चालीवर जोशी – जोश्यांना होते. पोवार समाजात पारधी हे आडनाव आहे. चौधरी आणि वंजारी ही आडनावेही जिल्ह्यात आहेत. ‘पारध्यांना बोलावले’ असे लिहिले, तर वाचक पारधी जमातीचा विचार करतो. ‘पारधींना बोलावले’ असे लिहिले, तर पारधी आडनावाचे गृहस्थ समोर येतात. ‘वंजाऱ्यांना’ म्हणजे समाजाला, ‘वंजारींना’ म्हणजे त्या एका माणसाला. हा भेद कोणत्याही समितीने ठरवला नाही, शासनाने राजपत्रात छापला नाही. बोलणाऱ्यांनी तो गरजेपोटी घडवला, आणि शुद्धलेखनाच्या शिक्षकांनी त्यावर लाल शाईने रेघ मारली. ज्याला आपण गलथानपणा म्हणतो त्यात समूह आणि व्यक्ती यांतला फरक राखलेला असतो, ही गोष्ट जोशी-फडके यांच्या उदाहरणांतून कधी कळलीच नसती, कारण फडके नावाची जमात नाही, आणि जोशी म्हटले की जमात सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मग भंडाऱ्याचे लोक आपल्या आडनावांचे करतात काय? सरकारी कागद ‘यांना’चा वळसा घेतो : श्री. गिऱ्हेपुंजे, रा. अमुक, ता. लाखनी, जि. भंडारा यांना. आडनाव जसेच्या तसे राहते, विभक्तीचा सगळा भार सर्वनाम उचलते. बातमीदार वर सांगितल्याप्रमाणे अनुस्वार देऊन ‘पटोलेंनी’ करतो. आणि बोलणारा माणूस सगळ्यांत शहाणा. तो आडनावामागे भाऊ, गुरुजी, सायेब असे काहीतरी लावतो आणि प्रत्यय त्याला चिकटवतो : पटले गुरुजीले बलाव, मेश्राम भाऊले इचार. आडनावाला धक्का नाही, आदराला धक्का नाही, आणि मेंढ्या कुरणात सुखरूप. गिऱ्हेपुंजे, बांडेबुचे, तितीरमारे अशी भरभक्कम आडनावे अंगावर वागवणाऱ्या मुलखाने काढलेली ही तोड आहे. गंमत अशी, की पुण्यातला माणूसही ‘फडके सरांना’ असेच म्हणतो. म्हणजे खुद्द फडक्यांनाही आता ‘फडक्यांना’ म्हणणारे कमी होत चालले आहेत, आणि नियमातले उदाहरण कागदावरच पेन्शन घेत आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो शिस्तीचा : नियम म्हणजे नियम; आज ‘पडोळेंना’ चालवले तर उद्या ‘घोडेंना’ चालवावे लागेल. हे भय निराधार आहे. ‘घोडेंना चारा घाला’ असे कोणी म्हणत नाही, आणि म्हटलेच तर घोडे आडनावाच्या कुटुंबाबद्दल बोलत असेल, ज्यांना चारा घालण्याचा प्रश्न येत नाही. सामान्यनाम आणि आडनाव यांत लोक आपोआप भेद करतात. नियमानेच तो केला नाही. ‘करणे’ आणि ‘फडके’ ही दोन उदाहरणे त्याने एका ओळीत बसवली; एक क्रियावाचक नाम, दुसरा जिताजागता माणूस. दुसरा आक्षेप असा, की हे पुण्या-मुंबईवर दोषारोप करण्याचे नेहमीचे वैदर्भी गाऱ्हाणे आहे. तेही नाही. महामंडळात विदर्भ साहित्य संघ घटक संस्था आहे, आणि १९२३ साली स्थापन झालेला तो संघ नागपुरात आहे. भंडारा तिथून तासा-दीड तासाच्या अंतरावर. फडके बसवताना आपल्याकडच्या कोणालाही गजभिये आठवले नाहीत, हे आपल्यालाही सांगता आले पाहिजे. उदाहरण देताना माणूस शेजारी बघत नाही, पूर्वीच्या पुस्तकात बघतो. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे १९११ चे. या विद्वानांनी एवढे मोठे काम केले, की पुढच्यांना नवे उदाहरण शोधणे हा उद्धटपणा वाटू लागला असावा.

तिसरा आक्षेप गंभीर आहे, आणि तो थट्टेवारी नेता येत नाही. आडनाव आले की जात आली. तेव्हा पाठ्यपुस्तकातून आडनावे काढूनच टाकावीत, राम-सीता-गोविंदा बरे. यातली चिंता खरी आहे. पण आडनावे काढून टाकल्याने ती जगातून जात नाहीत, नुसती पुस्तकातून जातात. आणि जी आधीच आत बसली आहेत ती तशीच बसून राहतात. शिवाय आडनावावरून जात ओळखू येते हा आपला आत्मविश्वासही तपासून पाहावा. मेश्राम हे आडनाव बौद्धांत आहे, गोंडांत आहे, ढिवरांत आहे. तेलंगणात आदिलाबादकडे केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत पूजेचा मान मेश्राम कुळाकडेच आहे. ‘मेश्रामांनी पुस्तक वाचले’ या वाक्यावरून वाचणाऱ्याची जात सांगून दाखवा. सांगता येत नसेल, तर तटस्थ उदाहरण म्हणून जोश्यांपेक्षा मेश्राम सरस ठरतात, आणि अ-कारान्त असल्यामुळे चालवायला सोपेही. वर्गात फक्त एकाच थराची आडनावे ऐकत मोठा झालेला मुलगा असे शिकतो, की पुस्तके वाचणारे, पत्रे लिहिणारे आणि विभक्तीत शोभणारे लोक आपल्याकडचे नसतात. जातीचा धडा यापेक्षा वेगळा कसा द्यायचा असतो?

चौथा आक्षेप दुखावण्याचा. ‘शेंड्यांनी आंबे चोरले’ असे वाक्य छापले तर शेंडे मोर्चा आणतील. आणू देत. उपाय सोपा आहे : शेंड्यांना चोरी करायला लावू नका. त्यांना धान रोवू द्या, परीक्षा पास होऊ द्या, तलावाचे पाणी मोजू द्या, कधीमधी गाडी चुकू द्या. देवदत्ताने रात्रभोजनाचा ठपका इतकी शतके सहन केला, कारण त्याला आडनाव नव्हते आणि म्हणून नातेवाईकही नव्हते. आडनाव असलेल्या माणसाविषयी वाक्य लिहिताना लेखकाला दोनदा विचार करावा लागतो, ही आडनावाच्या बाजूची गोष्ट आहे. पाचवा आक्षेप लांबीचा : गिऱ्हेपुंजे फळ्यावर मावत नाही. फळा मोठा करा. जो नियम फक्त दोन-तीन अक्षरी आडनावांवर चालतो, तो नियम नसून त्या आडनावांची सोय आहे.

माझा निवाडा असा. फडक्यांना काढू नये. त्यांनी इमानाने काम केले आहे आणि जुन्या माणसाला घालवणे आपल्या रीतीत बसत नाही. पण त्यांच्या शेजारी तीन खुर्च्या मांडाव्यात. एकीवर मेंढे बसतील, म्हणजे आडनावाचे सामान्यनाम होऊ लागले तर ‘मेंढेंना’ हे रूपही शुद्ध, असे लिहिता येईल. दुसरीवर पारधी बसतील, म्हणजे व्यक्ती आणि समाज यांतला भेद नियमात येईल. तिसरीवर गजभिये बसतील. त्यांचे सामान्यरूप समितीने बंद खोलीत ठरवू नये, भंडारा, नागपूर, गोंदियात जाऊन गजभिये लोकांना विचारून लिहावे. जिल्ह्यातल्या शिक्षकांना तर यासाठी कोणाच्या परवानगीची गरजही नाही. विभक्ती शिकवण्याच्या दिवशी पुस्तक मिटावे, हजेरीपट उघडावा आणि त्यातली आडनावे एकेक करून फळ्यावर चालवावीत. जिथे नियम अडेल तिथे मुलांना विचारावे, तुमच्या घरी काय म्हणतात? आलेले उत्तर लिहून महामंडळाकडे पाठवावे, आणि पाकिटावर पाठवणाऱ्याचे आडनाव ठळक लिहावे.